बिल्ल्यांची वही

१

हवालदार सत्यशीला लगड यांची एका दिवसाची रजा तीन आठवड्यांपूर्वीच मंजूर झाली होती. खर्ड्याला धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. साडी पिशवीत भरून झाली होती, बहिणीचे दोन फोनही येऊन गेले होते. तिसरा फोन ठाण्यातून आला.

"मॅडम, निमझरीत चोरी झालीय."

"काय गेलंय?"

"वही."

"कसली वही?"

"जुनी. सरपंच म्हणतात ऐतिहासिक हाय. उद्या सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम, पाहुणे येणार. साहेब म्हणाले, तुम्हीच जाऊन या, तासाभराचं काम हाय."

तासाभराचं काम नावाची वस्तू बावीस वर्षांच्या नोकरीत सत्यशीलाबाईंनी कधी पाहिली नव्हती. साडीची पिशवी तशीच गाडीच्या डिकीत टाकून त्या श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागल्या.

निमझरी गाव मूळ जागेवर नाही. १९४३ साली सरकारनं आठ दिवसांची मुदत देऊन गाव उठवलं, ओढ्यापलीकडे बसवलं आणि जुन्या गावाच्या जागी लष्कराचा विमानतळ बांधला. लढाई संपली तशी विमानं गेली. मागोमाग पत्रे, तारा, खांबही गेले. राहिली ती लांबलचक धावपट्टी आणि तिच्या कडेचा दुमजली टॉवर. पट्टीवर आता मका वाळते, कांदा पडतो आणि अर्धा तालुका चारचाकी शिकतो. टॉवरच्या खालच्या खोलीत गावानं यंदा संग्रहालय थाटलं होतं.

तिथं एक काचपेटी होती. पेटीत पितळी बिल्ल्यांची रांग आणि रांगेशेजारी वहीच्या आकाराची रिकामी जागा.

"काच फुटलेली नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कुलूपही शाबूत. किल्ली कुणाकडे असते?"

सरपंच काकासाहेब वागस्करांनी कमरेची चावी काढून दाखवली. "ही एकच. काल दिवसभर माझ्यापाशीच हुती."

"म्हणजे तुम्हीच चोर."

काकासाहेबांचा चेहरा पडला. त्यांच्यामागं उभे असलेले आदिनाथ सर मात्र एकदम म्हणाले, "मीही तेच म्हणतोय."

२

आदिनाथ सर गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. विमानतळाच्या इतिहासावर त्यांनी चाळीस पानी पुस्तिका लिहिली होती. ते बोलायला लागले ते थेट दुसऱ्या महायुद्धापासून. सत्यशीलाबाईंनी त्यांना दोनदा अडवलं.

"सर, वही. फक्त वहीचं सांगा."

"हो, हो. टॉवर साफ करताना फडताळामागं लोखंडी पेटी सापडली. तिच्यात हे बारा बिल्ले आणि वही. पट्टी बांधायला जे मजूर होते ना, त्या प्रत्येकाला नंबराचा बिल्ला असायचा. बिल्ला दिला की वहीत नाव, गाव, वय आणि डाव्या अंगठ्याचा ठसा. शेवटच्या रकान्यात शेरा."

"मग ती चोरण्यासारखं काय आहे तिच्यात?"

सरांनी घसा खाकरला. काकासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर पट्टीच्या तोंडाशी नवी कमान उभी होती आणि शिडीवर चढून एक पेंटर अक्षरं रंगवत होता: हुतात्मा पुंजाराम दांगडे प्रवेशद्वार.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये विमानतळावर पेट्रोलच्या पिंपांना आग लागली. ती पुंजाराम नावाच्या मजुरानं लावली, गोऱ्यांच्या हातावर तुरी देऊन तो भूमिगत झाला आणि परत आला नाही. सरांच्या पुस्तिकेत त्यावर सात पानं होती.

"आणि वहीत?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"वहीत अकराव्या पानावर तो सापडला. बिल्ला नंबर एकशे सदुसष्ट. शेरा असा: ता. नऊ नोव्हेंबर, रोलरखाली मयत, बिल्ला जमा."

"म्हणजे आग लागायच्या तीन महिने आधीच."

"तीन महिने आधीच," सर कसनुसं म्हणाले. "पुस्तिका छापून झाली होती, मॅडम. पण खोटं कसं दडवायचं? परवा संध्याकाळी मी ते पान मोबाईलवर स्कॅन केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं."

"टाकलं आन् इस्तव लावला!" काकासाहेब उसळले. "कमान उभी, पत्रिका वाटून झाल्या, आन् ह्यांना आता खरं सुचतंय! मॅडम, लिहून घ्या. ह्यांनीच वही लपवली. सात पानं खोटी ठरत्यात ना!"

"मी लपवेन? मीच तर जाहीर केलं! लपवायची गरज कुणाला आहे ते कमानीवर लिहिलंय!"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावले नाहीत एवढंच. सत्यशीलाबाईंनी टेबलावर हात आपटला.

"पुरे! हे आधी फोनवर का नाही सांगितलं? मला अर्धा तास झाला इथं येऊन!"

मग काकासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "सांगायचं नव्हतं, मॅडम. पुंजारामाची लेक हाय गावात. राहीबाई. ऐंशी पार झालीय. बाप हुतात्मा म्हणून उद्या तिचा सत्कार हाय. तिला अजून कुनी काय बोललेलं न्हाई. खरं सांगू का? ती वही न सापडली तर बरंच हाय."

३

राहीबाईंचं घर टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, पट्टीच्या कडेलाच होतं. ओट्यावर बसून त्या शेंगा फोडत होत्या. नात राजनंदिनी श्रीगोंद्याला कॉलेजला होती. तिनं पाणी आणून दिलं आणि आजीच्या शेजारी अशी उभी राहिली, की जणू पोलीस आजीला उचलूनच नेणार होते.

"आजी, टॉवरमधली वही गेलीय. ठाऊक आहे का?"

"गावात तोच गलका हाय सकाळधरनं."

"तुम्ही पाहिली होती?"

"मला काय वाचता येतंय, बाई?" राहीबाईंनी शेंग फोडली. "त्यात माज्या बाचा अंगठा हाय म्हनं. जांभळा. एवढुसा. मानूस गडी हुता, पर अंगठा बारीक हाय."

राजनंदिनी घाईनं म्हणाली, "मीच दाखवला आजीला. ग्रुपवर आलेलं पान. मोबाईलमध्ये."

"शेराही वाचून दाखवलास?"

पोरीनं आजीकडे चोरून पाहिलं. सत्यशीलाबाईंनी तिला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं.

"नाही वाचला," ती कुजबुजली. "कसा वाचणार? पंचवीस-तीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला हार घालतात तिला. फक्त अंगठा दाखवला. मॅडम, तुम्ही पण बोलू नका ना."

"काल दिवसभर तू कुठे होतीस?"

"कॉलेजला. पाचच्या गाडीनं आले."

"आणि आजी?"

"घरातच. कुठं जाणार ती?" तिनं मान वळवली. "तो सुप्याचा माणूस आला होता ना काल, त्याला विचारा. तो सगळ्यांना विचारत होता म्हणे, जुन्या वस्तू विकता का म्हणून."

सुप्याच्या माणसाबद्दल सरपंचांनी चकार शब्द काढला नव्हता. सरांनीही नाही. सत्यशीलाबाईंना आपल्या बहिणीच्या घरातला होमाचा धूर दिसू लागला. त्यांनी कपाळ चोळलं आणि पुन्हा टॉवरचा रस्ता धरला.

४

सुप्याचा माणूस म्हणजे हर्षल. सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात इंजिनिअर, आणि छंद लढाईच्या काळातल्या वस्तू जमवण्याचा. फोन केल्यावर तो तासाभरात स्वतःच मोटरसायकलवर आला. सबंध दिवसात न विचारता घडलेली ही पहिली चांगली गोष्ट होती.

"वहीत मला काडीचा रस नव्हता," तो म्हणाला. "मला बिल्ले हवे होते. सरपंचांना तीनदा विचारलं, एक तरी द्या. नाही म्हणाले. विषय संपला."

"किती वाजता गेलात इथून?"

"बारा वाजता. तेव्हा वही होती. मी पेटीचा फोटो काढलाय, हा बघा."

फोटोत पितळी बिल्ले चमकत होते. शेजारी बंद वही, तिचं खाकी पुठ्ठ्याचं कव्हर. सत्यशीलाबाईंनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

"हे कुलूप..."

"हां, ते नुसतंच कडीत अडकवलेलं होतं," हर्षल सहज म्हणाला. "दाबलेलं नव्हतं. मी सरपंचांना सांगितलंही."

सत्यशीलाबाई हळूच वळल्या. काकासाहेब उपरण्यानं मान पुसत होते.

"काकासाहेब, किल्ली दाखवा बरं. आणि लावून दाखवा."

किल्ली कुलपात शिरेना.

"ही ट्रॅक्टरच्या टपाच्या पेटीची हाय," काकासाहेब पुटपुटले. "कुलपाची आठ दिवस झाले सापडंना. सरपंचानं किल्ली हरवली म्हणल्यावर गाव काय म्हणंल? सकाळी वही दिसंना, तवा कुलूप दाबून टाकलं म्या."

"म्हणजे पेटी उघडीच होती! आणि मी इथं दोन तास कुलूप कसं उघडलं याचा विचार करत बसलेय!" सत्यशीलाबाईंचा आवाज पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा. शिडीवरचा पेंटरही थांबला. "या गावात एक तरी माणूस पहिल्या दमात खरं बोलतो का?"

त्या दाराच्या पायरीवर बसल्या. राग शांत व्हायला मिनिटभर लागला. मग त्यांनी सरांना विचारलं, "ग्रुपवर माणसं किती?"

"एकशे शहाऐंशी."

"म्हणजे ते पान एकशे शहाऐंशी मोबाईलमध्ये आहे. वही जाळली, पुरली, तरी ते पान जात नाही. बरोबर? मग मजकूर दडवायला वही चोरण्यात काय अर्थ? तुम्हालाही नाही, सरपंचांनाही नाही. उलट बोंब होणार, हे दोघांनाही कळत होतं."

"मग ह्या पोरानं," काकासाहेबांनी हर्षलकडे बोट केलं.

"उघड्या पेटीत हात घालून तो पितळेचे बिल्ले सोडेल आणि नको असलेली वही नेईल? नाही. ज्यानं नेली त्याला बिल्ले नको होते, मजकूरही नको होता. त्याला तो कागदच हवा होता. सर, ग्रुपवर टाकलेलं पान दाखवा मला."

सरांनी मोबाईल पुढं केला. पांढरंशुभ्र पान, काळीभोर अक्षरं, काळा ठसा.

"हे असं काळं का?"

"स्कॅन केलं की तसंच येतं. कागदाचा पिवळेपणा जातो, सगळं काळंपांढरं होतं. स्पष्ट दिसतं."

"मुळात ठसा कुठल्या शाईचा होता?"

"शिक्क्याची शाई, मॅडम. जांभळी."

"वही उघडून कुणाकुणाला दाखवलीत?"

"कुणालाच नाही. कागद ठिसूळ झालाय. मी एकट्यानं पाहिली आणि बंद करून पेटीत ठेवायला सरपंचांकडे दिली."

सत्यशीलाबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग कुठं गेला ते काकासाहेबांना कळेना.

"चला," त्या म्हणाल्या. "आणि तिथं कुणी आवाज चढवला तर आधी त्याला आत टाकीन."

५

राहीबाईंच्या शेंगा फोडून झाल्या होत्या. चौघांना येताना पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. राजनंदिनी दारात आडवी झाली.

"आजी," सत्यशीलाबाई ओट्यावर त्यांच्याशेजारी बसल्या. "मोबाईलमधला अंगठा काळा आहे. तुम्ही जांभळा म्हणालात."

राहीबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग त्या चक्क हसल्या.

"सापडले म्हन की. काल समदे जेवाया गेले, तवा गेल्ते. झाकन उचललं, आनली. चोरली न्हाई बाई, परत ठिवनार हुते. कार्यक्रम झाला की."

"वाचता येत नाही, मग पान कसं सापडलं?"

"नंदीनं दावलं तवा वरल्या अंगाला पानाचा आकडा हुता. अकरा. आकडं येत्यात मला. वरनं चवथा अंगठा." त्यांनी नातीकडे पाहिलं. "आत जा. भाकरीच्या दुरडीखाली हाय, घेऊन ये."

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मी संध्याकाळी आले तेव्हा ती वही मांडीवर घेऊन बसली होती. मी काय सांगणार होते तुम्हाला?"

वही आली. अकराव्या पानावर खुणेला शेवरीचं पान घातलेलं होतं.

आदिनाथ सर पुढं वाकले. "राहीबाई, त्या पानावर तुमच्या वडिलांबद्दल... म्हणजे त्या शेऱ्याचं तुम्ही मनाला लावून..."

"रोलरखाली गेला," राहीबाई म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"आई तिथंच खडी फोडत हुती की. तिच्या डोळ्यांदेखत झालं. मी पोटात हुते. मुकादम म्हनला, बोललीस तर तुजं काम बी जाईल. मानूस टरकात घातला न् नेला, कुठं नेला ते सांगितलं न्हाई. आई मरंस्तवर मला सांगायची."

"मग आगीची गोष्ट?" काकासाहेबांचा आवाज चिरका झाला. "पिंपं कुनी पेटवली?"

"कुनाची तरी बिडी पडली आसंल. मला काय म्हाईत?"

"आवं, मग इतकी वर्षं बोलला का न्हाई तुमी?"

"तुज्याच बापानं तर काढली ती गोष्ट!" राहीबाई पहिल्यांदा चिडल्या. "स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तवा. भाषनाला एक नाव पायजे हुतं. आई दहा वर्षांपूर्वीच गेल्ती. एक दिस आले, हार घातला, टाळ्या वाजवल्या, गेले. मला कुनी इचारलंच न्हाई. तवा बी न्हाई, आता बी न्हाई. आन् आता तुमी समदे मिळून मलाच लपवताय, माज्याच बाचं मरान!"

सत्यशीलाबाईंना हसू यावं की रडू यावं ते समजेना. सकाळपासून तीन माणसांनी तीन प्रकारे लपवाछपवी केली होती, ती या म्हातारीला एक गोष्ट कळू नये म्हणून. आणि ती गोष्ट सगळ्या गावात इतकी वर्षं फक्त तिलाच ठाऊक होती.

"मग वही कशाला आणलीत, आजी?"

राहीबाईंनी पान उघडलं आणि जांभळ्या ठशावर आपला डावा अंगठा अलगद टेकवला. बापाचा अंगठा खरंच बारीक होता. लेकीच्या अंगठ्याखाली तो पुरता झाकला गेला.

"फोटू न्हाई त्याचा," त्या म्हणाल्या. "हात लावायला एवढंच हाय."

६

वही ताब्यात घेतल्याची नोंद करायची म्हणून सत्यशीलाबाई पानं मोजू लागल्या. कागद खरंच ठिसूळ होता. त्या एकेक पान दोन बोटांनी उलटत होत्या आणि सहाव्या पानावर थांबल्या.

"सर, तुम्ही ही वही पूर्ण वाचलीत ना?"

"म्हणजे... मी पुंजारामच शोधत होतो. अकराव्या पानावर सापडला. बाकीचं सावकाश बघू म्हटलं. कार्यक्रमाची गडबड होती."

"अठ्ठावीस पानं. इतिहासाचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसानं अठ्ठावीस पानं वाचली नाहीत!" पण या वेळी त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. त्या पुढं उलटत गेल्या. नवव्या पानावर थांबल्या, सोळाव्यावर, मग एकोणिसाव्यावर दोनदा. शेवटचं पान होईपर्यंत त्या आणखी दोनतीनदा थांबल्या.

"पुंजाराम एकटा नाही," त्या म्हणाल्या. "नऊ जण आहेत. दोन सुरुंगात, एक रोलरखाली, एक विहिरीत. बाकीच्यांना नुसतं तापानं मयत असं लिहिलंय. सगळ्यांचे बिल्ले जमा."

"कुठली मानसं?" राहीबाईंनी विचारलं.

सत्यशीलाबाईंनी नावं वाचायला सुरुवात केली. पहिली दोन जामखेडच्या बाजूची होती. पट्टीच्या कामावर दुष्काळी भागातून टोळ्या आल्या होत्या, असं सरांनी हळूच सांगितलं. तिसरं नाव निमझरीचं होतं.

"बिल्ला एकशे पस्तीस. रामहरी सूर्यभान वागस्कर. वय एकोणीस. सुरुंगात मयत."

"न्हाई," काकासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो मुंबईला गेला हुता. माज्या आज्याचा धाकटा भाऊ. आज्याशी भांडून गेला. मुकादमानंच सांगितलं हुतं, गाडीत बसताना पाहिला म्हणून." ते ओट्याच्या कडेला टेकले. "आजा दर साली जायचा मुंबईला. गिरणी सुटायच्या वक्ताला दारात उभा ऱ्हायचा. माणसांची तोंडं बघत. म्हातारपणी डोळं गेलं, तरी मला संगं घेऊन गेल्ता एकदा. म्हनला, तू बघ, उजव्या भुवईवर खूण हाय त्याच्या."

राजनंदिनीनं पुढं केलेला तांब्या त्यांनी घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मी नेमकं कसं वाचलं नाही हे..." आदिनाथ सर पुटपुटले. त्यांचं वाक्य पुरं करायला कुणी मदत केली नाही.

अंगणाबाहेर माणसं जमू लागली होती. वही सापडली ही बातमी ग्रुपवर पोचली होती. नावं नऊ आहेत, हेही कुणीतरी टाकलं असावं. एक बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, आमचा चुलत आजा बी पट्टीवर हुता. बघता का जरा?" तिच्यामागं आणखी दोघं. त्यांच्यामागं कोपऱ्यावरचा किराणावाला, दुकान तसंच टाकून.

कमानीवरचा पेंटर ब्रश हातात घेऊनच आला. "सरपंच, हुतात्मा लिहून झालं. खालची ओळ काय टाकू?"

काकासाहेबांनी मान वर केली. "काय टाकू नको. नावं वाढल्यात. उद्याचे पाहुणे आले तर येऊ द्या, मी बोलतो त्यांच्याशी." मग थोडं थांबून, राहीबाईंकडे बघून, "हुतात्मा ठिवायचं का काढायचं?"

"कामाला गेल्ती मानसं," राहीबाई म्हणाल्या. "कामावर मेली. तसं लिव्हा."

पेंटर डोकं खाजवत परत गेला. सत्यशीलाबाईंनी घड्याळ पाहिलं. होम आटपून खर्ड्याला पंगती बसल्या असतील. बहिणीला काय सांगायचं ते त्यांना अजून सुचलं नव्हतं.

काकासाहेब तांब्या खाली ठेवून जवळ सरकले. त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले, उलटसुलट, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, रामहरीचा बी अंगठा हाय का तिथं?"

"आहे."

"दावता?"

सत्यशीलाबाईंनी नववं पान उघडून वही त्यांच्याकडे फिरवली, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, "एक मिनिट थांब. मग तुझ्या आज्याचं नाव सांग. पुरं सांग."